बेताच्या किमतीची बंदूक

शिकारीच्या गोष्टी सांगणाऱ्या माणसाचे बोलणे निम्मे वजा करून ऐकावे, असा आमच्या घरचा दंडक होता. आणि तो घालून दिला होता आमच्या वडिलांनी, जे स्वतः शिकारीच्या गोष्टी फार रंगवून सांगत. वाचकांनीही आमच्या बाबतीत तोच नियम पाळावा. मात्र आज आम्ही सांगणार आहोत ती गोष्ट शिकारीची नव्हे, खरेदीची आहे. खरेदीच्या गोष्टीत माणूस बहुधा आपले शहाणपण वाढवून सांगतो. आम्हांस आमचा मूर्खपणाच सांगावयाचा आहे, तेव्हा त्यातले काही वजा करण्याचे कारण पडणार नाही.

आमची वडिलोपार्जित जमीन गोदावरीच्या पलीकडे, मुधोळ तालुक्यात. काचीगुड्याहून मनमाडकडे जाणाऱ्या छोट्या गाडीने निघावे, गोदावरीचा पूल ओलांडून बासरला उतरावे आणि पुढे बैलगाडी करावी, असा त्या काळचा रस्ता. १९५६ साली राज्ये भाषावार झाली तेव्हा नांदेड जिल्ह्यातला हा तालुका आदिलाबादेत गेला आणि २०१६ पासून तो निर्मळ जिल्ह्यात आहे. गावची मराठी आणि गावची रानडुकरे मात्र होती तेथेच राहिली. ज्वारी निसवू लागली किंवा भुईमूग भरू लागला की ही मंडळी रात्री शिवारात उतरत, आणि एका रात्रीत पाऊण बिघा जमीन नांगरल्यासारखी करून टाकीत. राखणीसाठी एक रायफल घरात असावी, हा विचार त्यातून निघाला. आम्ही तेव्हा सुलतान बाजारात बिऱ्हाड करून एका सरकारी कचेरीत नोकरीस होतो. पगार बेताचा, आणि तो घरात पुरा पडण्याचीच मारामार.

हैदराबाद हे शहर बंदूक घेऊ पाहणाऱ्या तरुणाचे डोके फिरविण्यास पुरेसे होते. सहावे निजाम महबूब अली खान हे नामांकित शिकारी. त्यांच्या दरबारचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ. वरंगळकडच्या नेकोंड्याच्या जंगलात १९०२ साली लॉर्ड कर्झन आणि त्यांच्या पत्नी मारलेल्या वाघाशेजारी उभ्या आहेत, ते दीनदयाळांचे छायाचित्र आजही पुस्तकांतून दिसते. त्या दिमाखाची सावली शहरावर होतीच. त्यात १९४९ साली जहागिऱ्या खालसा झाल्या, आणि पुढे कितीतरी वर्षे देवड्यांतून झुंबरे, गालिचे आणि बंदुका बाजारात येत राहिल्या. १९६३ साली आम्ही अशीच एक बंदूक घेतली. जर्मन बनावटीची माउझर, ९ मिलिमीटर बोअरची, दस्त्याला अक्रोडाचे नक्षीदार लाकूड, बोल्टची मूठ सपाट आणि डौलदार. किंमत इतकी कमी, की विचार करण्यास सवड घेणे हाच आम्हांस वेडेपणा वाटला. सोबत लढाईपूर्वीची बत्तीस काडतुसे मिळाली.

त्या बत्तीस काडतुसांत आमच्या चुकीचे मूळ होते. तसली काडतुसे बाजारात मिळत नव्हती. परदेशी मालाच्या आयातीवर तेव्हा कडक बंधने होती. म्हणून आम्ही कंजुषी केली. दोन गोळ्या एका झाडावर झाडल्या, दोन्ही झाडाला लागल्या, आणि ‘नेम उत्तम आहे’ असा निकाल देऊन आम्ही उरलेली तीस जपून ठेवली. दोन गोळ्यांवरून बंदुकीची परीक्षा करणे म्हणजे दोन शितांवरून भाताची नव्हे, सगळ्या पंगतीची परीक्षा करण्यासारखे आहे, हे तेव्हा आम्हांस कळले नाही.

१९६४ च्या कार्तिकात, भुईमूग काढणीला आला असता, आम्ही मचाणावर बसलो होतो. चांदणे स्वच्छ होते. डुक्कर साठ पावलांवर आडवे उभे राहिले. याहून सोपा नेम मिळत नाही. आम्ही खांद्यामागे नेम धरला आणि चाप ओढला. डुक्कर बसले, उठले आणि नाल्याकडे पळाले. गोळी हातभर मागे, पोटात लागली होती. रात्री मागावर जाऊ नये एवढे आम्हांस ठाऊक होते. पहाटे निघालो, तेव्हा रक्ताचा माग काढीत आमचा सालगडी पुढे झाला. नाल्यातल्या शिंदीच्या जाळीतून ते जखमी जनावर सरळ त्याच्या अंगावर आले. आम्ही दुसरी गोळी झाडून ते पाडले. पण तोवर त्याची मांडी गुडघ्यापासून वर फाटली होती. त्याला बाजेवर घालून, मग गाडीत घालून नांदेडला नेले. दीड महिना तो दवाखान्यात होता. जीव वाचला; पाय मात्र कायमचा आखडला.

दवाखान्यात त्याच्याशेजारी बसून आम्ही त्या डुकराला शिव्या घालू लागलो, तेव्हा तो म्हणाला, “त्येचं काय चुकलं, दादा? त्येला अर्धंच मारलं आपण.”

‘आपण’ हा शब्द त्याने भलेपणाने वापरला. त्यात त्याचा वाटा काहीच नव्हता.

हैदराबादेस परतल्यावर आम्ही ती बंदूक एका म्हाताऱ्या कारागिरापुढे ठेवली. त्याने बोल्ट काढून नळीच्या मागे पांढरा कागद धरला आणि आम्हांस आत पाहावयास सांगितले. आरशासारखी असावयास हवी ती नळी आतून देवीचे वण असावेत तशी खड्ड्यांनी भरलेली होती. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळले की मागे एक क्षार उरतो, तो मिठासारखा हवेतला ओलावा ओढून घेतो, आणि बार झाल्यावर नळी गरम पाण्याने धुऊन तेल दिले नाही तर एका पावसाळ्यात ती गंजते. कोणा नोकराने कधीकाळी ती धुण्याचा आळस केला होता. दस्त्याचे लाकूडही बोल्टच्या घराखाली चिरले होते. त्यामुळे प्रत्येक बाराला नळी नव्या जागी बसे. दोन्ही दोष पाच मिनिटांत दिसण्यासारखे होते. आम्ही नक्षी पाहण्यात गुंतलो होतो. म्हातारा म्हणाला, “देखने की चीज है साब, मारने को नक्को.” दखनीने हा ‘नक्को’ आपल्या मराठीकडूनच घेतला, आम्हांस तो व्याजासह परत मिळाला.

आमच्या कचेरीत सत्तरीकडचे एक वडीलधारे गोवेकर होते. त्यांच्या घरी ठासणीची बंदूक होती आणि लहानपणापासून त्यांनी ती वापरलेली. आमची हकिकत ऐकून त्यांनी एवढेच म्हटले, “पयलीं काडतुसां खंय मेळटात तें विचार, मागीर बंदूक पळय.” पुढे आम्ही जे काही शिकलो ते या एका वाक्याचे भाष्य होय.

दोन वर्षे पैसे साठवून आम्ही १९६६ साली दुसरी रायफल घेतली. ती सरकारी आयुध निर्माणीची, ईशापूरची ३१५ बोअरची. तिच्यात डौल असा काही नाही. दस्ता साधा, पॉलिश जाडेभरडे, चाप जड. आमच्या घरातून विचारणा झाली, की सुंदर बंदूक देऊन ही कुरूप का आणली? आम्ही उत्तर दिले ते असे.

बोल्टची रायफल साध्या माणसाला परवडते, कारण ती मुळात शिपायासाठी निघाली. दुनळी रायफलीच्या दोन्ही नळ्या एकाच जागी गोळी टाकतील अशा जुळविणे हे निष्णात कारागिराचे काम, आणि त्याचे मोल तसेच जबर. बोल्टला नळी एक, दारासारखी कडी घालून बंद होणारी. माउझरने १८९८ साली तिचे जे रूप ठरविले ते अजून मोडीत निघालेले नाही. जिम कॉर्बेटना चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ साली जी रिग्बीची २७५ बोअरची रायफल भेट मिळाली, तीही माउझरच्याच घडणीची. पण ती भेट होती. आम्हांस विकत घ्यावयाची होती. ईशापूरच्या रायफलीची घडण ली-एन्फील्डची, म्हणजे इंग्रजी फौजेच्या बंदुकीची. तिच्या बोल्टच्या कड्या मागे असतात, म्हणून फार जोरकस काडतुसाला ती माउझरइतकी योग्य नव्हे. परंतु ३१५ चे काडतूस मवाळ आहे, आणि बोल्ट इतका सुरळीत फिरतो की खांद्यावरून बंदूक न उतरविता दुसरा बार भरता येतो.

३१५ हा बोअर निघाला कसा, तेही सांगण्यासारखे आहे. ३०३ हा फौजेचा बोअर, म्हणून तो नागरिकांस वर्ज्य. तेव्हा इंग्रज कारखानदारांनी हिंदुस्थानासाठी त्याच घडणीच्या रायफली ऑस्ट्रियाच्या जुन्या ८ मिलिमीटर मानलिकर काडतुसाच्या मापाने काढल्या. फौजेचे काडतूस तीत बसू नये, हाच हेतू. स्वातंत्र्यानंतर आपल्या निर्माणीने तोच बोअर चालविला. काडतुसे पुण्याजवळ खडकीस होत; २४४ ग्रेनची मऊ नाकाची जड गोळी, संथ चालीची. दीडशे यार्डांपलीकडे ती चांगलीच खाली झुकते. पण ती मिळत असे, परवान्यावर दर वर्षी मिळत असे, आणि आमच्या ऐपतीत मिळत असे. हाच तिचा खरा गुण.

यावेळी आम्ही झाडावर गोळ्या घातल्या नाहीत. उन्हाळ्यात नदीच्या कोरड्या पात्रात, मागे उंच दरड पाहून, शंभर यार्डांवर चुना लावलेले एक सूप उभे केले. ते उभे करावयास सालगडीच लंगडत गेला. वाळूच्या पोत्यावर रायफल टेकवून आम्ही पाच गोळ्या सोडल्या, तर त्या परातीएवढ्या जागेत विखुरल्या, आणि सगळ्या डावीकडे. पूर्वीचे आम्ही असतो तर येथे बंदुकीला नावे ठेवून मोकळे झालो असतो. कारागिराने शिकविल्याप्रमाणे नळी आणि लाकूड यांमधून कागदाची पट्टी ओढून पाहिली. ती एका जागी अडकली. लाकूड एका अंगाने नळीला रेटत होते. नळी तापली की हा रेटा वाढतो आणि गोळ्या भरकटतात. तेवढी जागा काचेने खरवडून पॉलिश कागदाने घासली, खालचे स्क्रू आवळले. पुढची माशी थोडी डावीकडे ठोकली. गोळी जिकडे जाते तिकडेच माशी सरकवावी लागते, हे प्रथम उलटे वाटते. तीन दिवसांत चाळीस काडतुसे संपली. शेवटच्या पाच गोळ्यांवर सालगड्याने आपला तळहात ठेवला. पाचही भोके हाताखाली झाकली गेली. तो म्हणाला, “आता बसलं, दादा.”

त्यानंतर आम्ही दोन नियम केले. सकाळचा पहिला बार, थंड नळीतला, नेहमी वेगळा तपासावयाचा. कारण जनावरावर पडतो तो पहिलाच. आणि ऐंशी पावलांपलीकडे नेम धरावयाचा नाही, जनावर हातचे गेले तरी चालेल. पुढच्या सहा वर्षांत त्या रायफलीने आमच्या शेतात नऊ डुकरे पडली. त्यांपैकी एकही नाल्यापर्यंत गेले नाही.

१९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि शिकारीवर कडक बंधने आली. ते योग्यच झाले असे आम्ही मानतो. ज्या देशात आमच्यासारखे दोन गोळ्यांत परीक्षा उरकणारे बंदूकवाले गावोगाव होते, तेथे जंगल किती दिवस उरणार? आज रानडुकरांचा कितीही उपद्रव झाला तरी रीतसर परवानगीवाचून त्यांस मारता येत नाही. आमची रायफल तेव्हापासून कपाटात आहे. दर निवडणुकीला ती पोलीस ठाण्यात जमा होते आणि परत येते. सरकारदरबारी आमच्यापेक्षा तिचेच येणेजाणे अधिक.

हे सर्व आठवण्याचे कारण आमची नात. पॅरिसला २०२४ साली कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळविले, तेव्हापासून तिने नेमबाजीचा ध्यास घेतला आहे. कोणती रायफल घ्यावी, असे तिने विचारले. तिच्या खेळातली २२ बोअरची रायफल आमच्या ओळखीची नाही. पण आम्ही ऐकले, की हे निष्णात नेमबाजही एकेका खेपेची काडतुसे आपल्या नळीतून झाडून पाहतात आणि मगच निवडतात. म्हणजे गोवेकरांचे वाक्य ऑलिंपिकातही लागू आहे.

आम्ही तिला सांगितले, की हातात असलेल्या पैशाचे दोन भाग कर. एकात रायफल घे आणि दुसऱ्यात काडतुसे. रायफलीचा भाग कमी पडला तर साधी घे. काडतुसांचा भाग कमी करू नकोस. तुझा नेम चुकला तर कागदाला भोक पडेल, एवढेच.

तिने विचारले, “आजोबा, तुमचा चुकला तेव्हा काय झालं?”

तेव्हा तिला बासरच्या गाडीपासून सांगावयास सुरुवात केली.