तिसरी रांग

कोण कुठे बसतो यावरून त्याचे घरातले स्थान ओळखता येते. पंगतीत आणि बैठकीत हा क्रम कोणी न सांगता पाळला जातो, आणि मोटारीतही तो तसाच आला आहे. पुढे कर्ता पुरुष, मधे वडीलधारी, अगदी मागे पिशव्यांच्या सोबतीला मुले. 'लहान आहेत, मावतील' एवढाच या व्यवस्थेला आधार. सात माणसांच्या आमच्या घरासाठी चंद्रपुरात गाडी पाहू लागलो, तेव्हा हे 'मावतील' आम्हाला खटकू लागले.

माणसे मावविण्याची विद्या आमचे दोन्ही जिल्हे काळी-पिवळी जीपमध्ये शिकले. मागे समोरासमोर दोन बाकडी, गुडघ्याला गुडघा, पट्टा नाहीच. धडकेत अशा बाकड्यावरचे शरीर आडवे फेकले जाते. तरीही काही सात आसनी गाड्यांत ही बाकडी आजही मिळतात. तोंड पुढे असलेली तिसरी रांग त्याहून बरी. परंतु गाडीची लांबी चार मीटरच्या आत राखली की कर कमी लागतो, आणि तेवढ्यात तीन रांगा बसविल्या की शेवटच्या प्रवाशाचे डोके व मागची काच यांत वीतभरच अंतर उरते. मागून धडक बसल्यास चेपून आघात शोषून घेणारा पत्रा तिथे फारसा नसतोच.

आमच्याकडे ही भीती पुस्तकी नव्हे. मूलच्या रस्त्यावर रात्री रानडुक्कर आडवे आले की कचकन ब्रेक दाबावा लागतो. आलापल्ली-आष्टी मार्गावर सूरजागडचे लोहखनिज वाहणारे ट्रक असतात. आपण थांबलो म्हणून मागचा ट्रक थांबेलच असे नाही.

'मागे बसले की धोका नाही' ही समजूतही तपासायला हवी. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात सायरस मिस्त्री आणि त्यांच्या शेजारचे सहप्रवासी मृत्युमुखी पडले. दोघेही मागच्या आसनावर होते आणि दोघांनीही पट्टा बांधला नव्हता. पुढचे दोघे वाचले. २०२३ साली सुरू झालेल्या 'भारत एनकॅप'च्या ताऱ्यांवरही डोळे झाकून विसंबता येत नाही. समोरच्या धडकेच्या चाचणीत माणसांचे पुतळे पुढे आणि मुलांचे पुतळे दुसऱ्या रांगेत असतात. तिसऱ्या रांगेबद्दल ते तारे फारसे बोलत नाहीत.

म्हणून आम्ही दुकानात स्वतः मागे जाऊन बसलो. डोक्यामागचा टेकू पुरेसा उंच आहे का, पट्टा खांद्यावरून येतो की नुसता कमरेला, पडदा-एअरबॅग शेवटच्या खिडकीपर्यंत पोहोचते का, मधले आसन आतून दुमडून बाहेर पडता येते का, हे पाहिले. विक्रेता मात्र आम्हाला पुढचा पडदा आणि गाणी दाखवीत होता.

अखेर लांब गाडी घेतली; हप्ता वाढला. मधल्या रांगेत आजी आणि दोन्ही मुले पट्टे बांधून बसतात, मागे आम्ही दोघे. 'हप्ते भरणारे मागे कसे?' असे नातेवाईक विचारतात. मार्कंड्याच्या जत्रेला निघताना धाकट्याला मात्र मागेच यायचे असते, मागच्या ट्रकवाल्याला हात करायला. तेवढे त्याचे आम्ही ऐकत नाही.