बरणीतली चिठ्ठी

म्हैसूर विद्यापीठाच्या मानसगंगोत्री परिसरात मी गेले होते ते पदार्थविज्ञानातील एका व्याख्यानासाठी. नंतर तासभर मोकळा होता, म्हणून प्राणिशास्त्र विभागातील एका मैत्रिणीने मला तेथील संग्रहालयात नेले.

आत फॉर्मॅलिनचा डोळ्यांना झोंबणारा वास होता. बरण्यांतील मासे, बेडूक आणि साप यांचे मूळ रंग कधीच उडाले होते. साप मला वाजवीपेक्षा जाड वाटले आणि कारणही लगेच ध्यानात आले. द्रवाने भरलेली गोल बरणी हे एक दंडगोलाकार भिंगच असते. आतली वस्तू ते आडवी रुंदावते, उंची मात्र तशीच ठेवते. हे मी उत्साहाने सांगू लागले, तेव्हा मैत्रीण म्हणाली, "तुला साप दिसतच नाही, भिंग दिसते. ती चिठ्ठी बघ."

नमुन्याची चिठ्ठी बरणीच्या आत, द्रवातच ठेवतात आणि ती पेन्सिलीने किंवा टिकाऊ काळ्या शाईने लिहितात. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. पेन्सिलीतील ग्राफाइट कशातच विरघळत नाही. जात, ठिकाण, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव, एवढाच मजकूर. तो असेल तर नमुना, नसेल तर नुसता मेलेला प्राणी, असे ती म्हणाली.

मला माझे पीएच.डी.चे दिवस आठवले. पातळ थरांच्या काही नमुन्यांवर मी फक्त क्रमांक घातले होते. कोणता किती तापमानाला भाजला, ते लक्षात राहील अशी खात्री होती. राहिले नाही. तीन महिन्यांची मोजमापे टाकून द्यावी लागली. नमुने मात्र शेवटपर्यंत छान चकाकत होते.

चिठ्ठीवरील तारखेचे मोल कधी कळेल हे सांगता येत नाही. शेन ड्यूबे आणि कार्ल फुल्डनर यांनी 2017 मध्ये अमेरिकी संग्रहालयांतील हजाराहून अधिक पक्ष्यांची छायाचित्रे घेतली, पिसांवरून परावर्तित होणारा प्रकाश मोजला आणि त्यावरून 135 वर्षांतील हवेतल्या काजळीचा आलेख काढला. काम पक्ष्यांवर, पण मोजमाप अस्सल पदार्थविज्ञानाचे! त्याआधी, 1967 मध्ये, डेरेक रॅटक्लिफ यांनी ब्रिटनमधील जुन्या अंडीसंग्रहांतील कवचे मोजून दाखवले होते की बहिरी ससाण्याची कवचे 1947 च्या सुमारास अचानक पातळ झाली. पुढे त्याचे कारण डीडीटी ठरले. ते पक्षी आणि ती अंडी जमवणाऱ्यांच्या मनात काजळीही नव्हती आणि कीटकनाशकही नव्हते.

म्हैसूर तसे मृत प्राण्यांसाठी जगप्रसिद्ध. व्हॅन इंगेन कुटुंबाचा कारखाना येथेच होता. राजेरजवाड्यांनी मारलेले हजारो वाघ आणि बिबटे तेथे पेंढा भरून पुन्हा डरकाळी फोडण्याच्या पवित्र्यात उभे राहिले. 1999 मध्ये तो बंद झाला. कारागिरी अप्रतिम, हे मान्य करूनही त्या उघड्या जबड्यांपेक्षा मला बरणीतला फिकट बेडूक जवळचा वाटतो. तो कोणाच्या पराक्रमाची साक्ष देत नाही.

आता नवा बेडूक सहज यायचाही नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2011 च्या मार्गदर्शक तत्त्वांत विच्छेदनासाठी वा संग्रहासाठी वन्य प्राणी आणण्यास मनाई केली. मला हा निर्णय योग्य वाटतो. पण त्यामुळे देशभरातील महाविद्यालयांच्या कपाटांत जे आहे तेच उरले. दिल्लीचे राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालय 26 एप्रिल 2016 रोजी आगीत भस्मसात झाले, तेव्हा तेथील नमुन्यांबरोबर त्यांची ठिकाणे आणि तारखाही गेल्या. बेडूक दुसरा मिळेल, 1950 सालचा पावसाळा कोठून आणणार?

परतल्यावर मी प्रयोगशाळेतील माझे खण उघडले आणि पेन्सिल घेऊन बसले. पंधरा डब्यांपैकी अकरांवर तारीख, तापमान आणि नाव लिहून झाले. उरलेल्या चारांत काय आहे, ते मला अजूनही आठवलेले नाही.