धुऱ्यावरच्या सागाची आलमारी

नागरा, जि. गोंदिया

चि. बाळास,

तुझं पत्र मिळालं. कॅलगरीच्या घराच्या तळघरात तू सुतारकाम मांडलंस आणि पहिली मोठी वस्तू म्हणून आजोबांच्या आलमारीसारखं कपाट करायला घेतोयस, हे वाचून घरात सगळ्यांना आनंद झाला. तू मापं मागितलीस आणि विचारलंस, की तिकडे ‘बर्मा टीक’ म्हणून जे लाकूड मिळतं ते घेऊ का. मापं शेवटी लिहितो. पण नुसत्या मापांनी ही आलमारी होणार नाही, म्हणून आधी तिची हकीकत ऐक.

लहानपणापासून तू तिला सागाची आलमारी म्हणतोस. ती सगळी सागाची नाही. चौकट आणि दारं सागाची आहेत. जमिनीला टेकणारे चार पाय आणि तळची पट्टी बिजाची. पाठ आणि आतले कप्पे शिवणीचे. दोन्ही खण हळदूचे, म्हणून ते ओढले की पिवळे दिसतात. ही निवड आलमारी करणाऱ्या वाढईबाबांची. आजोबांनी फक्त झाड दाखवलं होतं.

ते झाड आपल्याच धुऱ्यावरचं. धानाच्या बांध्यांमधल्या धुऱ्यांवर तेव्हा साग, मोहा, ऐन, बाभूळ अशी झाडं राखलेली असत. स्वतःच्या शेतातलं असलं तरी साग मनाला येईल तेव्हा तोडता येत नव्हता, आजही येत नाही. महाराष्ट्रात १९६४ चा झाडतोडीचा कायदा आहे. त्याच्या यादीत साग, बिजा, हळदू, ऐन, तिवस, मोहा अशी झाडं येतात आणि त्यांना आधी परवानगी लागते. आजोबांनी अर्ज केला, झाडाची नोंद सातबाऱ्यावर असल्याची खात्री झाली, बुंध्याची गोलाई छातीच्या उंचीवर मोजली गेली, मग कागद हाती आला. तो कागद आजही आलमारीच्या वरच्या खणात आहे. मी पुढे लाकडाच्या सरकारी आगारात नोकरी केली आणि असे कागद आयुष्यभर हाताळले. मला या कागदांचा कधी कंटाळा आला नाही. कोणतं लाकूड कुठल्या जमिनीवर उभं होतं हे ज्याला सांगता येत नाही, त्या लाकडाबद्दल माझ्या मनात आजही शंका येते.

तोड झाली ती थंडी सरताना, सागाची पानं गळल्यावर. पावसाळ्यात सागाला फुलोरा येतो, पानं हाताएवढी रुंद होतात आणि भाद्रपदाच्या सुमारास एक अळी त्या पानांची जाळी करून टाकते. नागझिऱ्याकडे जाताना सगळं सागवन तपकिरी दिसतं ते तिच्यामुळे. पानं गळून झाड विसाव्याला आलं की बुंध्यातला रस कमी झालेला असतो, लाकूड शांतपणे वाळतं. ओंडक्यांची दोन्ही टोकं शेण-मातीने लिंपून ठेवली, कारण लाकडातली ओल टोकांतून सगळ्यात लवकर जाते आणि तिथूनच चिरा पडतात. मग आराकस आले. उंच घोडीवर ओंडका बांधून एक माणूस वर, एक खाली, अशी दोघांनी हाताने चिराई केली. फळ्यांच्या मध्ये बांबूच्या पट्ट्या घालून थप्पी मांडली ती गोठ्याच्या सावलीत. वाढईबाबांचा हिशेब सोपा होता: जाडीच्या प्रत्येक इंचाला एक वर्ष. दीड इंची चौकटीसाठी त्यांनी दुसरा पावसाळा उलटू दिला. आजोबा घाई करत होते, घरात लग्न होतं. वाढईबाबांनी ऐकलं नाही. लग्न झालं, आलमारी नंतर आली.

मोजमापाची एक गोष्ट तुला उपयोगी पडेल. आपल्याकडे गोल माल ‘चौथाई घेरा’ने मोजतात. घेर चार फूट असेल तर त्याचा चौथा भाग एक फूट. एक गुणिले एक गुणिले लांबी. दहा फुटांचा ओंडका म्हणजे १० घनफूट. खरा गोलाकार धरलास तर पावणेतेरा घनफुटांच्या आसपास भरेल. मधला पाचवा हिस्सा साल, भुसा आणि कडेच्या कापांसाठी आधीच सोडलेला असतो. लाकूड घेताना तिकडच्या माणसाला विचार, तो कशाने मोजतो.

आता लाकडांबद्दल. सागात तेल असतं, म्हणून तो ओलीला आणि वाळवीला पुरून उरतो आणि हवा बदलली तरी फार हलत नाही. चौकटीला आणि दारांना तोच हवा. धुऱ्यावरच्या झाडाला चहूबाजूंनी ऊन मिळतं, म्हणून त्याला फांद्या खालपर्यंत असतात आणि लाकडात गाठी येतात. दाट जंगलातला साग सरळ आणि निर्मळ. डाव्या दारावरची मोठी गाठ तुला आठवत असेल. तिथे फांदी होती. वाढईबाबांनी ती मुद्दाम दाराच्या मधल्या फळीत घेतली, चौकटीत येऊ दिली नाही, कारण गाठीपाशी सांधा कच्चा राहतो.

पायांना बिजा का, तर आपली जमीन तेव्हा मातीची होती. रोज सारवण, रोज ओल. बिजा (पुस्तकांत त्याला बिबळा म्हणतात) जड आणि चिवट. त्याच्या पेल्यात रात्रभर पाणी ठेवलं की त्याला निळसर झाक येते आणि मधुमेहाची माणसं ते सकाळी पितात, हे तू पाहिलं आहेस. पण ओल लागली की हे लाकूड रंग सोडतं, म्हणून कपड्यांच्या कप्प्याजवळ त्याला जागा नाही. कप्प्यांना शिवण: फिकी, हलकी, आणि वाळली की वाकडी न होणारी. हळदू बारीक पोताचा. त्याच्या फण्या करत असत. घासणाऱ्या जागी तोच गुळगुळीत राहतो, म्हणून खण आजही अडत नाहीत. ही तीन लाकडं गोंदियाच्या टालावरून आली. पाठीच्या आतल्या फळीवर हातोड्याचा सरकारी ठसा अजून दिसतो. वाढईबाबांनी तो रंध्याने काढला नाही.

ऐन मात्र त्यांनी आलमारीत घातला नाही. आपल्या शेजारच्या गोंड घरांत ऐनाला साजा म्हणतात आणि त्यात बडादेव मानतात. घराच्या तुळईला ऐन चालतो, पण त्या शेजाऱ्यांचं येणंजाणं असलेल्या घरात नुसत्या कपाटासाठी साजा नको, असं ते म्हणाले. मला ते तेव्हाही पटलं होतं.

सगळ्यात महत्त्वाचं आहे ते दार. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. श्रावणात फुगतं, मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या उन्हात आकसतं. म्हणून दाराची मधली फळी चौकटीच्या चरात नुसती सरकवलेली आहे. तिला सरस नाही, खिळा नाही. चौकटीचे सांधे कूस-सालीचे, आणि त्यांतून आरपार बांबूची खुंटी. तेलामुळे सागाला सरस नीट धरत नाही, त्यामुळे भरवसा खुंटीवर ठेवला. इतक्या वर्षांत एकही सांधा सुटलेला नाही. कॅलगरीत हिवाळ्यात घर तापवलं की आतली हवा आपल्या मे महिन्याहूनही कोरडी होते म्हणे. फळी चिकटवलीस तर पहिल्याच थंडीत ती मधोमध तडकेल.

आणि आता बर्मा टीकचं. ते घेऊ नकोस. म्यानमारने २०१४ साली गोल सागाची निर्यात बंद केली. २०२१ च्या लष्करी उठावानंतर अमेरिकेने आणि युरोपीय संघाने तिथल्या सरकारी लाकूड महामंडळावर निर्बंध घातले. त्यानंतरही त्या नावाने जे विकलं जातं, ते कुठल्या वाटेने आलं हे तुझा दुकानदार तुला सांगू शकणार नाही. इथेही चित्र फार वेगळं नाही, आणि त्याचं मला मनापासून दुःख आहे. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी २०२३ साली बल्लारपूरहून साग गेला, दिल्लीच्या नव्या संसदेतही नागपूरचा साग आहे. पण गोंदियात आलमारी करायला टाकलीस तर समोर येतो तो आफ्रिकेतला किंवा दक्षिण अमेरिकेतला लागवडीचा साग, नाहीतर प्लायवुड. वनविकास महामंडळ १९७४ पासून इथे साग लावतं आणि लिलावात विकतं, पण एका घराला लागणारे पाच-सहा नग घेण्यासाठी लिलावात कोण उतरणार? शिवाय नवेगाव-नागझिरा २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला, आणि वाघांच्या वाटेवरचे कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेले जंगलाचे तुकडे, तोडावेत की नाहीत हा वाद आहेच. मी वाघाच्या बाजूचा आहे. मला वाटतं, घरचं लाकूड पुन्हा धुऱ्यांवरूनच यावं. शेतकऱ्याला परवानगी वेळेत आणि हेलपाटे न घालता मिळाली तर तो झाड लावेल, राखेल. आज तो सागाचं रोप उगवलं की उपटून टाकतो, कारण मोठं झालं तर कागदांचा त्रास होईल अशी त्याला भीती वाटते.

म्हणून तू तुझ्या आसपासचंच लाकूड बघ. अल्बर्टात पाइन, स्प्रूस, अॅस्पेन आणि बर्च आहेत. बर्च म्हणजे आपल्या हिमालयातल्या भूर्जाचाच भाऊबंद; चौकटीला तो चालेल असं मला वाटतं. पाइन नरम, तो पाठीला आणि कप्प्यांना घाल. जवळची एखादी छोटी आरा मशीन शोध आणि तिथल्या माणसाला तीन गोष्टी विचार: झाड कुठलं, कधी तोडलं, किती दिवस वाळवलं. त्याला उत्तरं देता आली तर लाकूड तिथून घे.

मापं अशी. उंची सहा फूट, रुंदी साडेतीन फूट, खोली दीड फूट. चौकटीची पट्टी तीन इंच रुंद, दीड इंच जाड. दाराची मधली फळी सहा सूत जाड, कडेला तासून तीन सूत. चर चार सूत खोल, आणि फळी चरात बसल्यावर दोन्ही बाजूंना दीड-दीड सूत मोकळं राहिलं पाहिजे. आपलं एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. खणांच्या आतल्या सांध्यांचे फोटो वाढईबाबांचा नातू रविवारी येऊन काढणार आहे. त्यासाठी तो खण पूर्ण बाहेर काढेल. फोटो आले की पाठवतो. तोवर तू लाकूड कापू नकोस, थप्पी मांडून त्याच खोलीत ठेव जिथे कपाट उभं राहणार आहे.

तुझा,
काका