उंची पाहून वाट

डेथ व्हॅलीत वाट निवडायची तर किलोमीटर नंतर, आधी उंची पाहावी. कॅलिफोर्नियातल्या या राष्ट्रीय उद्यानात बॅडवॉटरचं मिठाचं मैदान समुद्रसपाटीच्या 86 मीटर खाली आहे आणि समोरच्या पॅनामिंट रांगेतलं टेलिस्कोप शिखर 3,368 मीटरवर. दोन्ही एकाच नजरेच्या टप्प्यात!

1913 च्या जुलैत इथल्या फर्नेस क्रीकला 56.7 अंश सेल्सिअसची नोंद झाली. उन्हाळ्यात सकाळी दहानंतर सखल भागात चालू नका, असं उद्यानाचे लोक बजावतात, ते उगाच नाही. कोरड्या हवेत घाम दिसतच नाही, लगेच उडून जातो. अंगातलं पाणी किती गेलं याचा पत्ताच लागत नाही.

थंडीत मात्र गोल्डन कॅन्यन हवीच. पिवळ्याजर्द भिंतींमधल्या या घळीत पूर्वी डांबरी रस्ता होता. 1976 च्या पावसाने तो वाहून नेला. त्याचे तुकडे अजून दगडगोट्यांत अडकलेले दिसतात. म्हणून घळीत शिरण्याआधी आभाळ बघायचं, तेही डोक्यावरचंच नव्हे, दूरच्या डोंगरावरचंही.

जूनमध्ये पाय शिवशिवत असतील तर सरळ वर जावं. टेलिस्कोपची वाट जाऊन-येऊन सुमारे 22 किलोमीटर; माथ्याकडे ब्रिसलकोन पाइनची पीळदार, वेडीवाकडी झाडं. तेवढा दम नसेल त्याने वाइल्डरोज शिखर गाठावं. ती वाट 1877 मध्ये बांधलेल्या दगडी कोळसाभट्ट्यांपासून निघते. पाणी घरूनच भरून न्यायचं, आणि हिवाळ्यात याच शिखरांवर बर्फ असतो, हेही ध्यानात ठेवायचं.