कंडेन्सरच्या शोधात : आजोबांचा रेडिओ आणि इतिहासाचा एक धडा

१/ गेल्या पावसाळ्यात माळ्यावरून आजोबांचा रेडिओ खाली काढला. लाकडी पेटी, पुढे कापडाची जाळी आणि काचेवर मीटरमध्ये आखलेल्या लहरी. आजी सांगते, तो १९५५ साली घेतला, आणि घेतला तो गीतरामायणासाठी. पुणे आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले होते. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून गदिमांचे शब्द आणि बाबूजींचे स्वर आठवड्याला एक गीत घेऊन घरोघरी येऊ लागले. वर्षभरात ५६ गीते झाली. रेडिओ बाळगण्यासाठी तेव्हा टपाल कार्यालयातून परवाना काढावा लागे.

२/ आजी आता नव्वदीच्या उंबरठ्यावर आहे. "एकदा यावर बातम्या लाव रे," एवढेच ती म्हणाली. मी प्लग घेऊन निघालोच होतो. सुदैवाने आधी शेजारच्या पेठेतल्या एका निवृत्त रेडिओ मेकॅनिक काकांना फोन केला. ते जवळजवळ ओरडलेच, "हात लावू नकोस! आधी कंडेन्सर बघू."

३/ मित्रहो, कंडेन्सर म्हणजे वीज क्षणभर साठवून ठेवणारा घटक. दोन धातूच्या पत्र्यांमध्ये वीज न वाहणारा पदार्थ, एवढीच त्याची रचना. त्याचा पूर्वज म्हणजे १७४५-४६ च्या सुमारास युरोपात निर्माण झालेली 'लायडन बरणी'. 'कंडेन्सर' हे नाव व्होल्टाने १७८२ मध्ये वापरात आणले. आज अभियंते 'कपॅसिटर' म्हणतात, जुने मेकॅनिक मात्र कंडेन्सरच म्हणतात.

४/ आजोबांच्या रेडिओत दोन प्रकारचे कंडेन्सर होते. एक, मेण लावलेल्या कागदाचे. कागद वर्षानुवर्षे दमट हवा शोषतो आणि त्यातून वीज झिरपू लागते. आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला जोडलेला कंडेन्सर असा झिरपला, तर व्हॉल्व्ह बेफाम वीज ओढतो. तो जळतोच, शिवाय आउटपुट ट्रान्सफॉर्मरलाही घेऊन जातो. दुसरे, अॅल्युमिनियमच्या डब्यातले इलेक्ट्रोलिटिक. त्यांतला ऑक्साइडचा पातळ थर वापराविना क्षीण होतो. अशा रेडिओला एकदम वीज देणे म्हणजे रेक्टिफायर व्हॉल्व्हचा बळी देणे. माझ्या उतावळेपणाची किंमत आजोबांच्या रेडिओने मोजली असती.

५/ मग शोध सुरू झाला. तापकीर गल्लीतल्या एका दुकानात कंडेन्सर मागितला, तर पंख्याचा अडीच मायक्रोफॅरडचा हातात ठेवला. "कपॅसिटर" म्हटल्यावर पुढचा प्रश्न आला, "व्हॅल्यू?" मी जुन्या कंडेन्सरवरचा मजकूर वाचला : ०.०२ एमएफडी. दुकानातल्या मुलाने मान हलवली. आजच्या पद्धतीत 'एम' म्हणजे मिली, म्हणजे हजारावा भाग. जुन्या रेडिओवर मात्र 'एमएफडी' म्हणजे मायक्रोफॅरड आणि 'एमएमएफ' म्हणजे आजचा पिकोफॅरड. जुनी मापे वाचणे हे मोडी वाचण्यासारखेच आहे. अक्षर ओळखले तरी संकेत कळावा लागतो.

६/ संकेत कळला, पण ०.०२ मिळेना. सगळीकडे ०.०२२. तसेच ०.०५ ऐवजी ०.०४७. असे का? कारण घटकांच्या किमतींची एक आंतरराष्ट्रीय श्रेणी ठरली आणि १९५२ मध्ये ती प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली : १०, १५, २२, ३३, ४७, ६८. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या सुमारे दीडपट. जुने गोल आकडे हळूहळू बाजारातून गेले. मूळच्या घटकांतच वीस टक्के इकडेतिकडे चालत असे, त्यामुळे ०.०२२ बिनदिक्कत चालतो. त्यावर '२२३' छापलेले असते : २२ आणि पुढे तीन शून्ये, इतके पिकोफॅरड.

७/ तरी मन मानेना. नवा पिवळा प्लास्टिकचा तुकडा १९५५ च्या रेडिओत? रविवारी जुना बाजार गाठला. एका पथारीवर पेटीबंद, न वापरलेले मेणकागदी कंडेन्सर मिळाले. त्याच काळातले, तेच आकडे! मी विजयी मुद्रेने काकांकडे गेलो. त्यांनी एकेकाला अडीचशे व्होल्ट देऊन तपासले. सगळेच्या सगळे झिरपत होते. काका म्हणाले, "अरे, वापरला नाही म्हणून म्हातारा होत नाही का? कागद पेटीत होता, पण काळ बाहेरच होता ना?"

८/ अखेर ०.०२२ चेच घेतले, ६३० व्होल्ट सोसणारे. १६ मायक्रोफॅरडच्या इलेक्ट्रोलिटिकऐवजी २२ चे, ४५० व्होल्टचे. "शंभराचा लावला तर गुणगुण आणखी कमी होईल ना?" मी विचारले. काकांनी नकार दिला. रिकामा मोठा कंडेन्सर सुरुवातीला इतकी वीज खेचतो की रेक्टिफायर व्हॉल्व्हला ती झेपत नाही. दुरुस्ती करणाऱ्याने मूळ रचनाकाराची मर्यादा ओळखावी, हे तेव्हा समजले.

९/ काकांनी जुन्या कागदी नळ्या गरम करून आतली गुंडाळी काढली, त्या पोकळीत नवे कंडेन्सर बसवले आणि तोंडे मेणाने बंद केली. बाहेरून सारे १९५५ चे. मला आनंद झाला आणि लगेच अस्वस्थही वाटले. ही फसवणूक तर नव्हे? उद्या कुणी अभ्यासक ही पेटी उघडेल आणि याला अस्सल समजेल.

१०/ काकांना बोललो, तर त्यांनी कागद पुढे केला. "लिही. काय बदललं, कधी बदललं, का बदललं." ती चिठ्ठी आज पेटीच्या आत चिकटवलेली आहे आणि काढलेल्या गुंडाळ्या एका पाकिटात जपून ठेवल्या आहेत. फाटलेल्या पत्रातला शब्द संपादक स्वतः भरतो, तेव्हा तो कंसात घालतो. ती चिठ्ठी म्हणजे माझा कंस. दुरुस्ती लपवली तर ती बनावट, नोंदवली तर तोही इतिहासच.

११/ मालिकेत दिवा जोडून वीज हळूहळू दिली. व्हॉल्व्ह तांबूस झाले, खरखर आली, आणि काटा ३७९ मीटरच्या आसपास नेताच पुणे केंद्र लागले : ७९२ किलोहर्ट्झ. गीतरामायण नव्हते, बातम्याही नव्हत्या. शेतकऱ्यांसाठी पीकसल्ला चालला होता. आजीने तो शेवटपर्यंत ऐकला. मग म्हणाली, "आवाज तोच आहे."
तो तोच नाही, हे मला ठाऊक आहे, आणि चिठ्ठीतही लिहिले आहे. आजीला मात्र मी ते सांगितले नाही.

१२/ तुमच्याही घरी माळ्यावर असा रेडिओ असेल, तर दोन विनंत्या. आधी प्लग लावू नका आणि एकट्याने आत हात घालू नका; बंद रेडिओतही कंडेन्सर वीज धरून ठेवू शकतो. जाणत्या हातांना बोलवा. आणि जे काढाल ते फेकू नका, जे बदलाल ते लिहून ठेवा.