कागदही अमानतच

आमच्या जेद्दाच्या घरात भिंतीवर दोन कॅलेंडरे असतात. एक रत्नागिरीहून दरवर्षी कुणाच्या तरी बॅगेतून येणारे ‘कालनिर्णय’ आणि दुसरे इथल्या दुकानात मिळणारे हिजरी. पासपोर्टची मुदत पहिल्यावर पाहायची, इकाम्याची दुसऱ्यावर. हिजरी वर्ष इसवी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असते. त्यामुळे ‘आपला इकामा मार्चमध्ये संपतो’ असे धरून बसणारा माणूस तीन वर्षांत महिनाभर मागे पडतो. आमच्या मुलांनी वजाबाकीचा सराव पाटीपेक्षा या भिंतीवर जास्त केला आहे.

इथे येऊन अठरा वर्षे झाली. रत्नागिरी-रायगडकडच्या आपल्या वस्त्यांत ज्या घरातले कुणीच आखातात गेलेले नाही, असे घर शोधावे लागते. सुट्टीवर गेलो की पगाराची, सोन्याच्या भावाची, नव्या घराच्या स्लॅबची बोलणी होतात. कागदांची कुणी करत नाही. परंतु परदेशातल्या संसाराचा निम्मा भार कागदांवर असतो आणि तो भार सरतेशेवटी कुणाच्या डोक्यावर पडतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून हे लिहीत आहोत.

आधी नावाची गोष्ट. गावी असताना आम्ही मराठी आणि उर्दू शिकवत होतो, इथे उर्दू शिकवतो. त्यामुळे नावांच्या अक्षरांकडे लक्ष जातेच. आपल्यापैकी एकेका माणसाचे नाव चार लिप्यांतून प्रवास करते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर देवनागरीत, निकाहनाम्यावर उर्दूत, पासपोर्टवर इंग्रजीत आणि इकाम्यावर अरबीत. प्रत्येक मुक्कामावर काहीतरी गळते किंवा बदलते. अरबी लिपीत ‘प’ नाही, म्हणून ‘परकार’चे ‘बरकार’ होते. ‘चौगुले’मधले ‘च’ आणि ‘ग’ दोन्ही तिथे नाहीत, तेव्हा लिहिणाऱ्याला जे अक्षर जवळचे वाटेल ते पडते. ‘अब्दुल रहीम’ एका कागदावर दोन शब्द, दुसऱ्यावर एक, तिसऱ्यावर नुसताच ‘रहीम’. ‘शेख’ इंग्रजीत किती तऱ्हांनी लिहितात, ते मोजायला बसू नये. गावात सगळे ओळखतात तोवर याने काही बिघडत नाही. जिथे कुणी ओळखत नाही, तिथे कागद हीच ओळख असते.

आमच्या शाळेत नववीत बोर्डाची नोंदणी होते. त्या वेळी आम्ही मुलांना सांगतो, ‘घरी जा आणि पासपोर्ट घेऊन या. नाव तोंडी सांगू नका.’ कारण तिथे पडलेले नाव दहावीच्या प्रमाणपत्रावर जाते, तिथून पदवीवर आणि नोकरीवर. गावी मुलाला पहिलीत घालणाऱ्या आई-वडिलांनाही आमचे हेच सांगणे आहे. जन्मदाखला, आधार आणि शाळेचे जनरल रजिस्टर यांवरचे नाव अक्षरशः एक ठेवा. आज पाच मिनिटांचे काम आहे, वीस वर्षांनी ते प्रतिज्ञापत्रे आणि राजपत्रापर्यंत जाते.

इथले कागद साखळीसारखे एकमेकांत अडकलेले असतात. पासपोर्ट संपला की इकामा नवा होत नाही, इकामा संपला की बँकेचे खाते थांबते आणि गावी जाऊन परत येण्याचा व्हिसा निघत नाही. नवा पासपोर्ट हाती आला तरी काम संपत नाही. त्याचा क्रमांक सरकारी नोंदीत चढवावा लागतो, त्याला इथे ‘नक्ल मालूमात’ म्हणतात. मूल जन्मले की रुग्णालयाची नोंद, मग इथल्या नागरी कार्यालयाचा जन्मदाखला, मग भारतीय वकिलातीत नोंदणी आणि पासपोर्ट, शेवटी इकामा. भारतीय कायद्यानुसार परदेशात जन्मलेल्या मुलाची वकिलातीतली नोंदणी एका वर्षाच्या आत व्हायला हवी, नाहीतर केंद्र सरकारची परवानगी घ्यावी लागते. बाळंतीण आणि बाळ यांच्या गडबडीत हे वर्ष भुर्रकन जाते.

काही गोष्टी सोप्याही झाल्या, हे सांगायला हवे. आम्ही आलो तेव्हा बी.एड.ची पदवी मुंबई-दिल्लीच्या कार्यालयांतून शिक्के गोळा करत फिरली होती. २०२२ साली सौदी अरेबिया अपोस्टिल करारात आला. भारत त्यात २००५ पासून आहेच. आता भारतीय पदवीवर परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल झाले की पुढची दूतावासाची फेरी वाचते. इथली बहुतेक कामे तर ‘अबशर’ या सरकारी ॲपवर घरबसल्या होतात.

पण याच सोयीत एक पेच आहे. ॲप उघडते ते घरातल्या कर्त्या माणसाच्या मोबाईलवर. बायको-मुलांचा इकामा त्याच्या इकाम्याला जोडलेला, त्यांचा व्हिसाही तोच काढणार. त्यातच जुलै २०१७ पासून इथे परदेशी कर्मचाऱ्याच्या कुटुंबातील प्रत्येक आश्रितामागे महिना १०० रियाल शुल्क सुरू झाले. दरवर्षी वाढत ते २०२० मध्ये ४०० वर गेले. पत्नी आणि तीन मुले असली तर महिन्याला १६०० आणि वर्षाला १९,२०० रियाल. आमच्या इमारतीतली कितीतरी कुटुंबे त्या काळात सामान बांधून गावी गेली. पुरुष इथे एका खोलीत चौघे राहू लागले, बायका-मुले कोकणात. कागद मात्र पुरुषांच्याच कपाटात राहिले.

अशाच एका कुटुंबातल्या भगिनीची हकीकत. पती इथे अचानक वारले. दफनही इथेच झाले. तिच्या हाती आली ती मोबाईलवर पाठवलेली मृत्यूच्या अरबी दाखल्याची प्रत. तिचे भाषांतर घेऊन ती गावच्या बँकेत गेली. त्यांच्या आडनावातही ‘प’ होता. दाखल्यावर ‘ब’ होता. बँकेने सांगितले, हा माणूस वेगळा. खात्याला जोडलेला भारतातला मोबाईल क्रमांक रिचार्जविना कधीच बंद पडला होता. कंपनीकडून किती येणे आहे, हे तिला ठाऊक नव्हते. इथल्या कामगार कायद्याप्रमाणे पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी अर्ध्या महिन्याचा आणि त्यानंतर दरवर्षी पूर्ण महिन्याचा पगार सेवाअखेरची रक्कम म्हणून मिळतो. अठरा वर्षांच्या नोकरीचे साडेपंधरा महिन्यांचे वेतन होते. ती रक्कम हक्काची आहे, हेच तिला चार महिन्यांनी समजले. पतीने कुणाला उसने दिले होते, कुणाचे घेतले होते, याची एक ओळही नव्हती. दोन माणसे ‘आमचे देणे होते’ म्हणून दारात आली. ‘माझ्याकडे त्यांचे होते’ म्हणून कुणी आले नाही.

अखेर वकिलातीत पासपोर्टवरच्या नावाने मृत्यूची नोंद झाली, तो दाखला पोहोचला आणि बँकेची वाट मोकळी झाली. सगळे मार्गी लागायला दोन वर्षे गेली. पण घराचा प्रश्न तसाच राहिला. अठरा वर्षांच्या कमाईचे दोन मजली घर ज्या जमिनीवर उभे होते, तिच्या सातबाऱ्यावर अजून आजोबांचेच नाव होते. पैसे भावाच्या खात्यावर पाठवलेले. दीर माणूस वाईट नव्हता. पण कोणते पैसे घरासाठी, कोणते आईच्या औषधासाठी आणि कोणते उसने, हे त्यालाही सांगता येईना. जिथे प्रेम होते, तिथे संशय आला.

आम्हाला याचेच दुःख वाटते. परक्या सरकारचा कागद एक दिवस उशिरा होऊ नये म्हणून आपण भिंतीवर दोन कॅलेंडरे लावतो, कारण तिथे दंड होतो. घरच्या व्यवहाराचा कागद मात्र ‘आपलीच माणसे, लिहायचे कशाला’ म्हणून करत नाही. लिहिणे म्हणजे अविश्वास, अशी आपली समजूत झाली आहे. पवित्र कुरआनमधली सर्वांत मोठी आयत कशाबद्दल आहे? सूरह अल्-बकराची २८२वी आयत. ती कर्जाचा व्यवहार मुदतीसह आणि साक्षीदारांसमक्ष लिहून ठेवण्याबद्दल आहे. ज्या ग्रंथावर आपला ईमान आहे, त्याने हिशेबाच्या कागदाला एवढी जागा दिली. मग लिहिण्याचा कमीपणा कसला?

वारशाचे नियम तर आपल्याला तोंडपाठ असतात. मुले असतील तर पत्नीला आठवा हिस्सा, आईला सहावा. पण त्याआधीची पायरी विसरतो. मय्यतीच्या मालमत्तेतून आधी दफनाचा खर्च आणि कर्ज, मग एक तृतीयांशाच्या मर्यादेत वसीयत आणि उरलेल्यातून वारसांचे हिस्से. न दिलेला मेहर हेही कर्जच. कर्जाची यादीच नसेल तर वाटणी सुरू कुठून करायची? आणि बँकेत नॉमिनी लावला म्हणजे झाले, असेही नाही. नॉमिनी रक्कम स्वीकारतो, पण तेवढ्याने मालक होत नाही. ती वारसांची अमानत असते. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच स्पष्ट केले.

आमच्या घरी दरवर्षी शाबान महिन्यातल्या एका शुक्रवारी फाईल काढतो. रमजानआधी जकातीचा हिशेब करायचाच असतो, त्याच बैठकीत हेही होते. एका वहीत मराठीत यादी असते. दोन्ही देशांतली खाती, विमा, कंपनीचे नाव आणि रुजू झाल्याची तारीख, देणे, येणे, दागिने कुणाचे, गावी पाठवलेली रक्कम कशासाठी. पासपोर्ट, इकामा, निकाहनामा, जन्मदाखले यांच्या प्रती गावी एका विश्वासू घरात ठेवल्या आहेत. भारतातला क्रमांक रिचार्ज करणे हे धाकट्याचे काम. गावचे काम भावाने करायचे असेल तर मुखत्यारपत्र वकिलातीत साक्षांकित करून पाठवतो आणि ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरून घेतो. अबशरचा पासवर्ड आणि ओटीपी एजंटला द्यायचा नाही, तो कितीही ओळखीचा असो. आणि सातबाऱ्यावर आजोबांचे नाव असेल, तर पुढची सुट्टी हॉटेल आणि खरेदीत घालवण्याआधी दोन दिवस तलाठी कार्यालयासाठी ठेवा. वारस नोंदीसाठी आता ऑनलाइन अर्जाचीही सोय आहे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे या बैठकीत घरातल्या बायका आणि मोठ्या मुली हव्यात. चहा देण्यापुरत्या नव्हे, वही हातात घेऊन. प्रसंग आला तर दारोदार त्यांनाच जायचे आहे.

आमची थोरली आता सतरा वर्षांची आहे. बारावी झाली की शिक्षणासाठी भारतात जाईल. यंदा यादी तिने लिहिली. लिहिता लिहिता तिने वर पाहिले आणि विचारले, ‘अम्मीचा मेहर दिलाय ना?’ आम्ही दोघांनी एकदमच हो म्हटले. तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिले, आपल्या सुवाच्य अक्षरात लिहिले, ‘मेहर : निकाहाच्या दिवशी अदा’, आणि त्याखाली दोघांच्या सह्या मागितल्या.