लाल किल्ल्यासमोर, पन्नास रुपयांची वायर

दिल्लीहून परतलेल्या माणसाला लोक एरवी विचारतात, कुतुबमिनार पाहिलात का, आग्र्याला जाऊन आलात का, थंडी किती होती. आम्हाला मात्र जो भेटतो तो विचारतो, "त्या रजईचं काय झालं म्हणे?" म्हणून म्हटलं, एकदा सगळं लिहूनच काढावं.

डिसेंबरात गेलो होतो. आम्ही चौघं. हे, मी, कॉलेजात जाणारी लेक आणि सत्याहत्तर वर्षांच्या सासूबाई. उतरलो पहाडगंजातल्या एका लॉजवर. पहाडगंज मराठी माणसाला अगदीच परकं नाही. नूतन मराठी शाळा तिथलीच, बृहन्महाराष्ट्र भवनही तिथलंच. रिक्षावाल्याला "मराठी स्कूल" म्हटलं की तो मान डोलावतो. सासूबाईंना त्यामुळे फार धीर आला. लेकीला मात्र कशानंच धीर येईना, कारण तिचा चार्जर गाडीतच राहिला होता. बर्थजवळच्या पॉइंटला लावलेला, तो तिथंच. आजकालच्या मुलांना जेवायला उशीर झाला तर चालतं, पण फोन पंधरा टक्क्यांवर आला की चेहरा उतरतो!

दुपारी चांदनी चौकाला निघालो. नवी दिल्लीहून पिवळ्या मेट्रोनं चावडी बाजार आणि मग चांदनी चौक, दोनच स्टेशनं. शाहजहानच्या लेकीनं, जहानआरानं, सतराव्या शतकात वसवलेला हा बाजार. आता दिवसा सकाळी नऊ ते रात्री नऊ मुख्य रस्त्यावर मोटारी येऊ देत नाहीत. २०२१ मध्ये लाल दगडांचा नवा रस्ता झाला, तेव्हापासून ही सोय. चालायला मोकळं झालं आहे, पण सायकलरिक्षा अंगावर यायच्या त्या येतातच. गुरुद्वारा सीसगंजला डोकं टेकवलं, गरम जिलबी खाल्ली. दरिब्यात चांदीची पैंजणं पाहिली, घेतली नाहीत. शेवटी दिगंबर जैन लाल मंदिरापाशी पोहोचलो. त्याच्या आवारात जखमी पाखरांचं धर्मादाय रुग्णालय आहे. पंख मोडलेली कबुतरं पिंजऱ्यात ओळीनं बसलेली. सासूबाई तिथून हलेनात.

आणि समोर, रस्त्याच्या पलीकडे, लाजपतराय मार्केट.

हे मार्केट फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांच्या दुकानांतून उभं राहिलं. एकेकाळी रेडिओचे सुटे भाग, मग टेपरेकॉर्डर, मग डिश अँटेना, आता कॅमेरे, स्पीकर आणि मोबाइलचं सामान. लाल किल्ल्याच्या तोंडासमोर. पंतप्रधान पंधरा ऑगस्टला जिथून भाषण करतात, तिथून दगड मारला तर... असो. मार्केटच्या बाहेर फुटपाथवर ठेले. केबलींचे गुच्छ झेंडूच्या माळांसारखे टांगलेले. पांढऱ्या, काळ्या, सुती विणीच्या, अंधारात चमकणाऱ्या. "पचास की एक, सौ की तीन!" अडॅप्टर शंभरला. त्यावर एका बड्या कंपनीचं नाव छापलेलं, फक्त त्यातलं एक अक्षर जरा वेगळं. लेकीनं बोट ठेवून दाखवलं, तर ठेलेवाला हसला. "कॉपी है बहनजी, पर चलेगा ए-वन."

ह्यांनी घासाघीस केली आणि दोन्ही मिळून एकशेवीसला घेतलं. पुण्यात याच सामानाला हजार मोजावे लागले असते, असं रात्री जेवताना दोनदा सांगून झालं.

रात्री अडीचच्या सुमाराला सासूबाईंनी हाक मारली. त्यांना रात्री एकदा उठायची सवय आहे, आणि त्या सवयीचे आम्ही जन्मभर ऋणी राहू. "अगं, काहीतरी जळतंय. दूध ठेवलंयस का गॅसवर?" लॉजच्या खोलीत कुठलं दूध! दिवा लावला. लेक गाढ झोपेत. फोन उशीपाशी, केबल रजईच्या घडीत शिरलेली आणि तिच्या टोकाचं प्लॅस्टिक मऊ होऊन वाकलेलं. रजईला कलिंगडाच्या फोडीएवढा तपकिरी डाग. आत कापूस धुमसत होता. ह्यांनी आधी भिंतीवरचं बटण बंद केलं, मग तांब्याभर पाणी ओतलं. लेकीच्या हाताला चटकासुद्धा लागला नाही. पण त्या खोलीत पुढे कुणी झोपलं नाही.

सकाळी लॉजवाल्यानं रजईचे नऊशे रुपये घेतले. स्वस्तातलं सामान एकूण एक हजार वीसला पडलं. हे त्या दिवशी चहा पिताना एक शब्द बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आमचा बेत हुमायूनच्या कबरीचा होता. सासूबाईंनी तो मोडला. "आधी तिकडं चला. हे असं का झालं ते मला कळलं पाहिजे." ठेला कालच्या जागी नव्हता. असता तरी भांडून काय मिळणार? बिल नाही, नाव नाही. मग आत मार्केटमध्ये शिरलो. एका बोळात, जेमतेम एक माणूस मावेल अशा गाळ्यात, एक वृद्ध सरदारजी स्पीकर दुरुस्त करत बसले होते. सासूबाईंनी पिशवीतून ती वितळलेली केबल काढून त्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी ती पाहिली, सासूबाईंकडे पाहिलं आणि पोऱ्याला स्टूल आणायला सांगितलं. "बैठिए माताजी."

मग त्यांनी जे दाखवलं, ते आम्ही कुठल्या शाळेत शिकलो नव्हतो.

आधी केबल मधोमध कापून सोलली. जाड, गुबगुबीत प्लॅस्टिकच्या आत चार बारीक तारा आणि प्रत्येकीत केसासारखे थोडेसे धागे. रंग तांब्याचा. सरदारजींनी फुटक्या स्पीकरचं चुंबक उचललं आणि धाग्यांजवळ नेलं. धागे टुणकन चिकटले! तांबं कधी चुंबकाला चिकटतं का? वरून तांब्याचा मुलामा, आत लोखंड. काही केबलींत आत ॲल्युमिनियम असतं, तेव्हा चुंबकही फसतं, असं ते म्हणाले. मग त्यांनी आपल्या फोनची केबल दाखवली. बाहेरून जेमतेम तेवढीच, पण हातात वजन लागतं.

लेक विज्ञान शाखेची आहे. तिनं तिथंच कागदावर हिशेब मांडला. एक मीटर लांबीची, खऱ्या तांब्याची पण अगदी बारीक तार घेतली, तर जाण्यायेण्याचा रोध सुमारे ०.४ ओहम होतो. त्यातून दोन अँपियर वाहिले की पाचपैकी पाऊण व्होल्टहून जास्त वाटेतच खर्ची पडतात आणि दीडएक वॉट उष्णता केबलमध्येच तयार होते. तांब्याऐवजी लोखंड आलं की हा रोध कितीतरी वाढतो. मोकळ्या हवेत ती उष्णता उडून जाते, रजईच्या घडीत जाणार कुठं? त्यात टोकाची पिन सैल असली किंवा फोनच्या भोकात कचरा साठला असला, की सगळी उष्णता त्या एका ठिपक्यावर गोळा होते. आमची केबल नेमकी टोकाशीच वितळली होती.

टाइप-सी केबलींची तर आणखी एक गंमत आहे. जुन्या चौकोनी तोंडाच्या केबलच्या दुसऱ्या टोकाला टाइप-सी असेल, तर आत एक चिमुकला रोधक बसवायचा असतो, ५६ किलो-ओहमचा. "समोर साधा चार्जर आहे, बेतानं वीज घे" हा निरोप तो फोनला देतो. पैसे वाचवायला किंवा अज्ञानानं त्या जागी १० किलो-ओहमचा बसवला, तर फोनला वाटतं, समोर तीन अँपियरचा दमदार चार्जर आहे. तो तेवढी वीज ओढायला लागतो आणि बिचारा चार्जर तापतो. गूगलमधले अभियंते बेन्सन लेऊंग यांनी २०१५ च्या अखेरीपासून बाजारातल्या अशा केबली विकत घेऊन एकेक तपासायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी एका केबलच्या आतल्या तारा उलटसुलट जोडलेल्या निघाल्या आणि त्यांचा स्वतःचा लॅपटॉप निकामी झाला. त्यानंतर २०१६ मध्येच ॲमेझॉननं नियमात न बसणाऱ्या टाइप-सी केबली विकायला बंदी घातली. विद्वानाचाही लॅपटॉप गेला, तिथं आमच्या रजईची काय कथा!

मग सरदारजींनी अडॅप्टर हातात घेतला, तळहातावर उडवून पाहिला आणि म्हणाले, "केबल तो बच्चा है, माताजी. असली गुंडा यह है." स्क्रू नव्हताच, नखानं उघडला. भिंतीतून येतात २३० व्होल्ट, फोनला लागतात पाच. मध्ये ट्रान्सफॉर्मर. दोन्ही बाजूंमध्ये काही मिलिमीटर मोकळी जागा आणि जाड आवरण हवं, म्हणजे काही बिघडलं तरी भिंतीतली वीज पलीकडे जाऊ नये. आमच्या अडॅप्टरमध्ये ती जागा नखाच्या जाडीएवढी होती. ओलावा आला, एखादा कणभर शिसा सुटला, की तो बांध फुटला. मग केबलच्या टोकाला पाच नाही, थेट २३० व्होल्ट!

२०१६ मध्ये यूएल या सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेनं ॲपलच्या नावाचे ४०० बनावट अडॅप्टर तपासले. पार पडले अवघे तीन. बारांची बनावट तर अशी, की जीवघेणा धक्का बसू शकतो. मला त्या वेळी आठवलं ते कारवार. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कारवार तालुक्यात आठ महिन्यांच्या एका बाळानं भिंतीला लावून चालू ठेवलेल्या चार्जरची पिन तोंडात घातली आणि ते गेलं. बातमी वाचताना मनात आलं होतं, एवढ्याशा पिनेत एवढी वीज कशी? त्या दिवशी, त्या गाळ्यात, ते उघडं अडॅप्टर पाहताना अंगावर काटा आला.

सरदारजींनी पैसे घेतले नाहीत. सासूबाईंनी पोऱ्याच्या हातात जबरदस्तीनं पन्नास रुपये कोंबले. निघताना ते म्हणाले, इथलं सगळंच खोटं नाही, चांगला मालही इथंच मिळतो, फक्त बिल मागा. "बिल माँगोगे तो दुकानदार खुद अच्छा वाला निकालेगा."

बाहेर पडून भगीरथ पॅलेसमध्ये शिरलो. विजेच्या सामानाचा हा घाऊक बाजार देशभरच्या दुकानदारांना ठाऊक आहे. दिवाळीच्या माळा, झुंबरं, बटणं, वायरींची भेंडोळी. या गर्दीत मान वर करून पाहिलं तर पाट्यांमागे उंच गोल खांब दिसतात. हा सरधन्याच्या बेगम समरूचा महाल! आधी नाचणारी, मग फौजेची मालकीण, मग जहागिरीची राणी. १८३६ मध्ये ती वारली. १८५७ च्या बंडात इथं दिल्ली बँक होती, तिच्यावर हल्ला होऊन व्यवस्थापक मारला गेला. पुढे लाला भगीरथमल यांनी ही वास्तू घेतली आणि त्यांचं नाव लागलं. असा महाल दुसऱ्या देशात असता तर तिकीट लावलं असतं. इथं त्याच्या खांबांवरून वायरींची जाळी गेली आहेत.

२०२२ सालानं या दोन्ही बाजारांची परीक्षा घेतली. ६ जानेवारीच्या पहाटे लाजपतराय मार्केटमध्ये आग लागून कितीतरी ठेले आणि दुकानं जळाली. २४ नोव्हेंबरच्या रात्री भगीरथ पॅलेस पेटला आणि आग पुरती विझायला कित्येक दिवस लागले. अरुंद बोळ, बंब आत शिरेना. त्या आगी केबलमुळे लागल्या असं मी म्हणत नाही. पण डोक्यावर लोंबणारी ती जाळी पाहिली, की आपण खालून जरा भरभर चालतो. आणि बेगमेचं सरधना ज्या मेरठ जिल्ह्यात आहे, त्याच मेरठ शहरात मार्च २०२४ मध्ये चार भावंडं खोलीतल्या आगीत गेली. मोबाइल चार्जिंगला लावलेला होता, तिथं शॉर्टसर्किट होऊन गादीनं पेट घेतला, असं तेव्हा पोलिसांच्या हवाल्यानं छापून आलं होतं. सासूबाईंना हे मी तिथं सांगितलं नाही. घरी आल्यावर सांगितलं.

तुम्ही दिल्लीला गेलात तर या बाजारात जरूर जा. विजेचं सामान घेणार असाल तर अडॅप्टरवर 'आर' आणि पुढे आठ आकडे असा नोंदणी क्रमांक शोधा. २०१२ च्या आदेशानंतर अडॅप्टरना बीआयएसची ही नोंदणी सक्तीची झाली. नुसता छापलेला आकडा खरा मानू नका. 'बीआयएस केअर' नावाचं ॲप आहे, त्यात तो घातला की कंपनीचं नाव येतं. केबलवर असा नंबर सहसा दिसत नाही. तिथं वजन पाहा, पिन गच्च बसते का पाहा आणि फोनच्या कंपनीचीच किंवा नावाजलेली घ्या. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, पण त्यासाठी हातात बिल हवं!

आम्ही संध्याकाळी करोलबागेतल्या एका पक्क्या दुकानातून नवा अडॅप्टर आणि केबल घेतली. साडेअकराशे रुपये, बिलासकट. दुकानदारासमोर लेकीनं नंबर तपासला, कंपनीचं नाव जुळलं. ह्यांनी घासाघीस केली नाही. लॉजवर परतल्यावर सासूबाईंनी फर्मान काढलं, फोन टेबलावर, रजईपासून चार हात लांब आणि झोपायच्या आधी भिंतीवरचं बटण बंद. लेकीनं कुरकुर केली, "आजी, मग सकाळी शंभर टक्के कसा होईल?"

"नाही झाला शंभर, तर साठवर फिरशील," आजी म्हणाल्या आणि दिवा मालवला.

ती कापलेली केबल त्यांनी टाकू दिली नाही. आमच्या सोसायटीत कुणी स्वस्त चार्जर आणल्याचं कळलं, की त्या ती बटव्यातून काढतात, फ्रीजवरचं चुंबक मागतात आणि धागे चिकटवून दाखवतात.

रजईचंही सांगून टाकते. पैसे भरले होते, म्हणून ती आम्ही घेऊन आलो. जळका भाग कापून तिची दोन छोटी दुलया झाल्या. एक सध्या माझ्या नणंदेच्या नातीच्या पाळण्यात आहे.